साडेचार बोटं

शहापूरच्या सराफ गल्लीत, कारेकरांच्या दुकानात
सहाजणांच्या बाकावर आम्ही नऊजण.
माझ्याकडून आई, येळ्ळूरची आत्या,
आणि उगीचच आलेला चुलतभाऊ.
ईरण्णाकडून बैलहोंगलहून आई, दोन भाऊ, एक वहिनी.

कारेकरांनी मापाच्या कड्यांचा जुडगा काढला,
किल्ल्यांसारखा खुळखुळणारा.
"हात द्या, जावईबापू."
त्यानं उजवा दिला.
"डावा ओ, डावा."
मग त्यानं डावा दिला
आणि दुकानातला पंखा तेवढा बोलत राहिला.

अनामिका पहिल्या पेरापर्यंतच आहे.
उरलेली उद्यमबागेत राहिली, लेथवर,
दिवाळीच्या बोनसच्या आदल्या दिवशी.
मला दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं त्यानं,
चहाचा कप त्याच हातात धरून,
जसं कुणी सांगतं, मी साखर कमी घेतो.

"उजव्यात घाला की मग," आत्या म्हणाली, "काय बिघडतंय?"
त्याची आई भिंतीकडं बघत म्हणाली,
"नम्माग उंगुर येल्लित्त?"
आमच्यात कुठं होती अंगठी.
ताळी, कालुंगुर, झालं.

आत्याला कन्नड कळतं तेवढं कळलं.
"आमच्यात तरी कुठं होती ओ?
जोडवी, आणि दोन वाट्या, एक माहेरची, एक सासरची.
अंगठी आली ती फोटो काढणाऱ्यांबरोबर."
आणि दोघी बाकावर सरकून
पायांवर बोलत बसल्या.
पायात सोनं का नको, चांदी किती भाराची,
बोट सुजलं की साबण लावायचा की खोबरेल.
आत्याची जोडवी झिजून तारेएवढी.
त्याच्या आईच्या बोटावर नुसता पांढरा वळ,
बारा वर्षांत उन्हाला न भरता आलेला.

ईरण्णानं खिशातून व्हर्नियर काढला.
(तो लग्नातही त्याच्या खिशात होता.)
उरलेलं बोट मापलं: सतरा पॉइंट चार.
"आमच्या कड्यांवर एवढं बारीक येत नाही ओ."
"करायला गेलं की येतंय," तो म्हणाला.
कारेकरांनी एक कडं चढवलं, बरोब्बर बसलं,
आणि हात खाली करताच काउंटरवर घरंगळत गेलं.

अंगठी थांबते ती पुढच्या पेरामुळं.
एवढी वर्षं बोटात घालून
मला हे ठाऊक नव्हतं.

माझीच घ्यायची ठरली मग, पावणेदोन ग्रॅम.
आत नाव कोरायचं, तर कुठल्या अक्षरात?
चुलतभाऊ ताठ झाला. धाकटा दीर ताठ झाला.
दोघांच्या तोंडात पाटीवरची भांडणं गोळा झाली.
कारेकर भिंगातून वर न बघता म्हणाले,
"आतलं कातडीला टेकतंय.
आणि कातडीला वाचता येत नाही ओ."
कोरीच घेतली.

उतरताना पायरीवर त्याच्या आईनं माझं मनगट धरलं.
मोडक्या मराठीत, घाईनं:
सौंदत्तीच्या जत्रेतनं तांब्याचं वेढं आणलं होतं.
मीच घातलं त्याला. ह्या बोटात.
मशीननं त्यालाच धरलं.
एवढंच. मग ती चपला शोधायला लागली,
पायातच होत्या तरी.

लग्नात हळदीच्या पाण्यात
माझी अंगठी टाकली, खेळाला.
दोन्हीकडच्या बायका परातीभोवती,
दोन भाषांत एकच कालवा: शोध, शोध, हुडुक, हुडुक.
दोन वेळा मी जिंकले.
तिसऱ्या वेळी त्यानं डावा घातला.
पिवळ्या पाण्यात काही दिसत नव्हतं.
माझ्या हाताला ते आखूड बोट लागलं, गुळगुळीत,
आणि मी ते धरून ठेवलं.

कुणाला मिळाली, कुणाला मिळाली, विचारत होते सगळे.
त्याची आई काहीच विचारत नव्हती.
अंगठी तळाला होती.
आम्ही दोघंही काढत नव्हतो.